दुसरा प्रश्न

शेजारच्या काकू प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. "जेवलीस?" हो म्हटलं, की चेहरा न्याहाळत पुन्हा, "जेवलीस काय गो?" लग्न होऊन मांडवीत आले तेव्हा मला याचा फार वैताग यायचा.

यंदा उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या पडवीत फणसाचे पापड थापत होतो. काकूंनी विचारलं, "काय होतंय?" म्हटलं, "पाळी आलेय."

"पाळीच काय गो?"

मग मात्र सगळं सांगितलं. पाळी चुकली होती, आता नुसते डाग दिसतायत, पोटात एका बाजूला कळ येते, गरगरतं. "आणि गरे कुटून खांदा दुखतोय."

"गरे तर मी कुटले," काकू म्हणाल्या. हात धुतले आणि थेट रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. गर्भ नळीत राहिला होता. नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं, खांदा त्यानेच दुखत होता. लगेच ऑपरेशन झालं, म्हणून मी वाचले.

दुसऱ्या दिवशी काकू पेज घेऊन आल्या. खाटेजवळ उभं राहून विचारलं, "दुखतंय?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्या पुन्हा विचारतील म्हणून वाट बघत राहिले.