ऐंशी सालची रेघ

माणसं कमी करायची असली की आधी त्यांना एखाद्या नावाखाली गोळा करावं लागतं. सुप्याच्या एमआयडीसीत एका परदेशी मालकीच्या कारखान्यात मी कामगार विभागात आहे. हजेरी, रजा, बढती आणि कुणाला घरी पाठवायचं झालं तर त्याचा कागद, ही माझी कामं. शेवटचं काम मला सगळ्यांत चांगलं जमतं, असं साहेब लोक म्हणतात.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हसऱ्या, तिकडच्याच. त्यांनी भिंतीवर दोन चित्रं दाखवली, एक त्यांच्या देशाचं आणि एक आपलं. वरपासून खालपर्यंत पिढ्यांचे थर आणि प्रत्येक थराला नाव. सगळ्यांत वर बूमर, मग एक्स, मग मिलेनियल, तळाला झेड. त्यांच्या चित्रात वरचे थर भरगच्च होते आणि झेड अगदी चिंचोळी. तिकडे तरुण माणूस मिळत नाही, म्हणून निवृत्त झालेल्यांनाही हातापाया पडून परत बोलावतात, असं बाईंनी सांगितलं. आपल्या चित्रात नावं तीच, पण वर चार दाणे आणि खाली रास. आमच्या गावात त्या वरच्या पिढीला कुणी नावच दिलेलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं, एवढीच तिची ओळख.

"आमच्याकडे एक्स गेला तर त्याच्या मागे कुणी उभं नसतं. तुमच्याकडे गेटबाहेर रांग आहे," बाई म्हणाल्या. एक्सची रेघ ऐंशी सालावर संपते, तेव्हा ऐंशी साल किंवा त्याच्या आधी जन्मलेल्या कामगारांनी स्वेच्छेने निवृत्ती घ्यावी, असं ठरलं. सगळ्यांत आधी मान मी डोलावली.

जन्मतारखांप्रमाणे यादी लावली तर निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली निघाली. बाईंनी विचारलं, त्या दिवशी तुमचा काही सण असतो का? मी सांगितलं, सण कसला, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे, कान हाताला लागला की ते सहा वर्षांचं झालं आणि मास्तर एक जून लिहून मोकळे. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्याबरोबर मीही आपल्या माणसांना हसलो, आणि मनापासून हसलो.

मग त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणजे यातली वर्षंही चुकीची असू शकतात? असू शकतात, म्हटलं. त्या म्हणाल्या, ज्याची तक्रार असेल त्याला माझ्याकडे पाठवा. त्याचं खरं वय माहीत असलेल्या एखाद्या जबाबदार माणसानं लिहून दिलं, तर मी नाव काढीन. बाई वाईट नव्हती, हे इथंच सांगून टाकतो.

यादीत माझा दोस्त होता. पारनेरजवळच्या आमच्या गावात आमची घरं एकमेकांना लागून. आम्ही एकाच दिवशी शाळेत गेलो. तेव्हा तो चार वर्षांचा होता. पण त्याच्या आईला रोजावर जायचं होतं, मास्तरांना पट भरायचा होता आणि त्याचे हात माकडासारखे लांब होते. कान लागला. ब्याऐंशीचा तो कागदावर ऐंशीचा झाला.

मी खरोखरच सहाचा होतो, ऐंशीच्या उन्हाळ्यातला. माझे वडील तलाठी कार्यालयात शिपाई. पोराला पुढं नोकरीची वयोमर्यादा आडवी येऊ नये एवढी अक्कल त्यांना होती. मास्तरांना चहा पाजून त्यांनी मला एक्याऐंशीच्या जानेवारीत जन्माला घातलं. अशा रीतीनं मी मिलेनियल झालो आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेला तो एक्स.

नोटीस लागली तसा तो माझ्या टेबलाशी आला. "गड्या, माजं वय तुला म्हाईत हाय. दोन वळी लिहून दे. पोरीचं कॉलेज चालू हाय, आत्ताच घरी बसलो तर तिला बसवावं लागंल."

मी म्हणालो, कागद कागद असतो, मी काय देव आहे का? खरं कारण वेगळं होतं. त्याच्या जन्माची आठवण आहे असं लिहून दिलं, तर मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणजे ऐंशीचा ठरत होतो. आणि मी ऐंशीचा ठरलो की रेघेच्या पलीकडे मीच जात होतो. त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्याला फक्त आपलं वय कळत होतं, माझ्या वयाचा हिशेब त्यानं कधी केला नव्हता. मला त्याच्या या भोळेपणाचा राग आला, खरंच आला. नाइलाजानं म्हणालो, बाईंना भेट, मी बरोबर येतो. बाईंना मराठी येत नव्हतं आणि याला इंग्रजी. दुभाष्या मीच.

खोलीत आम्ही तिघंच. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि घडाघडा बोलायला लागला. "बाई, ह्यालाच इचारा. माज्या बारशाला ह्यो दोन वर्साचा हुता. घुगऱ्यांच्या पातेल्यात हात घातला ह्यानं, आजून डाग हाय." आणि त्यानं माझं मनगट धरून बाहीचं बटण काढलं, डाग बाईंसमोर धरला. बोट ठेवून दाखवला.

बाई डागाकडे बघत राहिल्या. "काय म्हणतायत ते?"

मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतोय, आम्ही लहानपणापासूनचे मित्र आहोत. एकदा खेळताना मला भाजलं होतं, तेव्हा यानंच मला उचलून घरी नेलं. म्हणून माझ्याकडे बघून तरी त्याला ठेवून घ्या, असं म्हणतोय."

"आणि वयाचं?"

"वयाचा पुरावा त्याच्याकडे नाही. साक्षीदारही नाही."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा विचारलं, गावात एकही माणूस नाही का? मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "त्या विचारतायत, तुला घरी कोण कोण आहे?" तो म्हणाला, "आई हाय, बायको हाय, पोरगी हाय." मी बाईंना सांगितलं, जाणती माणसं सगळी वारली. त्याची आई तेव्हा ठणठणीत होती, आजही आहे. बाईंनी उठून त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि "सॉरी" म्हणाल्या. तेवढा शब्द त्याला कळला.

महिनाअखेरीस त्याचा कागद मीच टाइप केला. कारण या रकान्यात 'स्वेच्छा' लिहिलं.

पुढच्या रविवारी तो आमच्या नगरच्या घरी आला. हातात पिशवी, पिशवीत घरची मटकी. माझ्या बायकोनं नोकरीचं विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "न्हाई जमलं वहिनी. पन ह्यानं लई झगडून पाह्यलं. एवढं इंग्रजी बोलला माज्यासाठी, घामाघूम झाल्ता. बाईच्या डोळ्यांत पानी आलं हुतं. सख्खा भाऊ करनार न्हाई एवढं." आई म्हणते, त्याला घरी जेवायला घेऊन ये, असंही त्यानं सांगितलं. बायको माझ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या कौतुकानं तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "अरे, आपलं माणूस म्हटल्यावर एवढं करावंच लागतं."

रात्री बायकोनं त्याच मटकीची उसळ केली. चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.