श्वासावर धरलेलं सोनं

सुलू गेल्याचा तिच्या नवऱ्याचा, वसंतरावांचा फोन आला तेव्हा मी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पुढची गाडी हलली, मागून हॉर्न वाजले, तरी पाय ब्रेकवरून उचलायचं सुचेना. असं वाटत होतं, मी हललेच नाही तर ती बातमीही तिथेच थांबेल...

अबू धाबीच्या एका म्युझियममध्ये सुलू आणि मी, आम्ही दोघी मैत्रिणी गेलो होतो, तिथून सगळं सुरू झालं. मंद उजेडात, काचेमागे, फ्रान्समधलं शेकडो वर्षांपूर्वीचं तळहाताएवढं प्रार्थनेचं पुस्तक उघडं ठेवलेलं. निळ्या रात्री आभाळात देवदूत, खाली मेंढ्या राखणारी माणसं वर बघतायत आणि सोन्याचे तारे. आपण मान हलवली की ते लुकलुकायचे. "अगं, हे तर आपले धनगर!" सुलू म्हणाली आणि तिथून हलेचना. यल्ला, चल बाई, म्हणत मी तिला ओढून बाहेर काढलं.

मग बाईसाहेबांनी फोटो समोर ठेवून ते पान स्वतःच रंगवायला घेतलं. जन्मभर अकाउंट्स केलेली ही! ताऱ्याच्या जागी खडू-सरसाचा पांढरा टिपका द्यायचा, तो वाळला की कागदाच्या नळीतून त्यावर श्वास सोडायचा. त्या ओलाव्यावर सोन्याचा वर्ख धरतो. एसीत ओलावा टिकेना, म्हणून भर उन्हाळ्यात एसी बंद. आम्ही वैतागायचो आणि ती त्या निळ्या रात्रीत कुठल्या कुठे गेलेली असायची.

पुढे तिची फुफ्फुसं आकसत गेली. एकेका ताऱ्यासाठी ती नाकातली ऑक्सिजनची नळी काढून ठेवायची. मी चिडले. म्हटलं, आण इकडे, मी फुंकते.

"बाकी सगळं तुम्हीच करताय गं माझं," ती म्हणाली. "एवढं मला करू दे."

राग आला, मायाही दाटून आली. मी गुपचूप तिच्या पाठीशी उशी सरकवली.

तरी देवदूताजवळचा एक तारा राहिलाच... नुसता पांढरा टिपका. पुरा करावा की तसाच ठेवावा, वसंतरावांना ठरवता येईना. मला विचारलं तर मी तोंड फिरवलं. तिचे दिवस झाले, आणि त्यांची लेक ईशा, इथेच वाढलेली, आमच्याशी कायम इंग्रजीतच बोलणारी, आईच्या टेबलापाशी येऊन बसली. आधी एसी बंद केला. आईचं बघून बघून तिला सगळं ठाऊक होतं. तिनं कागदाच्या नळीतून टिपक्यावर श्वास सोडला, वर्ख टेकवला, दाबला, कडेचा चुरा ब्रशनं झटकला.

"आई, धरलं गं," ती हळूच म्हणाली.

वसंतराव म्हणाले, आता एसी लाव बाळा. ती उठली नाही. आम्ही तिघं तसेच घामाघूम बसून राहिलो.