चातुर्मासातला लसूण

आमच्या नंदुरबारच्या घरात वीज येण्याआधी गॅसचे दिवे होते. परसातल्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी टाकी होती. तिच्यात कार्बाइडचे खडे टाकायचे, वरून पाणी ठिबकायचे आणि तयार झालेला गॅस पाइपातून बैठकीतल्या दिव्यांना जायचा. वडिलांचा कापसाचा व्यापार होता. गिऱ्हाइकांना तो पांढरा उजेड दाखवणे हा त्या व्यापाराचाच भाग होता.

त्या वर्षी आजारपणामुळे मी कॉलेज सोडून घरी होतो. वडिलांनी रस्त्याच्या बाजूची बैठक पाडून मोठी करायला घेतली. जुना पाइप ज्या भिंतीवरून येत होता ती भिंतच गेली, म्हणून पाइप नव्या वाटेने आणणे भाग पडले. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात काम करणाऱ्या एका मुसलमान फिटरला बोलावले. त्याने घराभोवती एक फेरी मारली आणि सांगितले, "शेठ, भीतना बाहेरथून लई जाऊ."

"रस्तावरथून दिखी," वडील म्हणाले. "लोके काय म्हनतीन? सैपाकघरमाइन काढ."

स्वयंपाकघरातून वाट जवळची होती आणि झाकलेलीही. पण पाइप चुलीच्या वर हातभर अंतरावरून जाणार होता आणि त्याचा सांधा नेमका तिथेच येत होता. त्या चुलीशी दिवसातला बराच वेळ माझी वहिनी बसत असे. तिला कोणी विचारले नाही.

फिटरला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. त्याने मागच्या ओट्यावर बसून दोन पाइप जोडायचे आणि जोडलेला पाइप आम्ही आत सरकवायचा, असे आईने ठरवले. गॅस झिरपू नये म्हणून सांध्याच्या आट्यांवर ताग गुंडाळून सफेद्याचा लेप देत फिटर म्हणाला, "मन्हा पाइप मझार जास आन मी भायेर. पाइपनी काय पुन्य करं, माय?"

"पाइपले धोता येस," आई म्हणाली.

"मीबी रोज आंघोय करस."

यावर आई हसली. निर्णय बदलला नाही.

फिटर गेल्यावर पाइप खरेच धुतला गेला. आईने वहिनीला राख आणि चिंच दिली. सांध्यावरचा पांढरा लेप आईला घाण वाटला. तो आणि त्याच्याखालून डोकावणारा तागही काढायला तिने सांगितले. वहिनीने सुरीच्या टोकाने दोन्ही खरवडून काढले. मग भावाने आणि गड्याने पाइप भिंतींच्या भोकांतून आत घेतला. संध्याकाळी बैठकीत दिवे लागले. शेजारी बघायला आले.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात लसणाचा वास येऊ लागला.

कार्बाइडच्या गॅसला तसाच वास असतो. टाकीच्या खोलीत तो सगळ्यांच्या नाकाला सवयीचा होता. पण चातुर्मास चालू होता आणि आमच्याकडे त्या महिन्यांत कांदा-लसूण वर्ज्य. स्वयंपाकघरात लसणाचा वास आला की त्याचा एकच अर्थ आईला माहीत होता: कोणीतरी लसूण लपवून ठेवला आहे.

"कोठे दपाडी ठेवेल शे?" तिने वहिनीला विचारले.

"मी नही लयनू, आत्याबाई. पाइपमाइन ई ऱ्हायना तो वास."

"पाइप तुन्हा माहेरथून लसूण खाईसन उना का?"

शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या, त्या हसल्या. त्यांच्यादेखत आईने वहिनीचे मसाल्याचे डबे जमिनीवर पालथे केले. मग तिची पेटी उघडायला लावली. पेटीत लुगडी होती. वडिलांच्या कानावर हे गेले, तेव्हा ते म्हणाले की बायकांच्या भानगडीत त्यांना ओढू नये. टाकीचा वास जन्मभर घेतलेल्या माणसाने हे म्हटले. वहिनीने त्यानंतर वासाचे नाव काढले नाही.

काही दिवसांनी, बैठकीत पाहुणे असताना, ती चूल पेटवायला वाकली. सांध्यापाशी ज्योत भडकली आणि तिचा पदर पेटला. तिने तो डाव्या हाताने दाबून विझवला. भावाने धावत जाऊन टाकीची चावी बंद केली. हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. बैठकीत अंधार झाला म्हणून वडिलांनी पाहुण्यांची माफी मागितली.

सकाळी फिटरला ओट्यावर उभे केले. सांधा कच्चा ठेवला, आता गावात कोण तुला काम देईल, असे वडील त्याला चार लोकांसमोर सुनावत होते. त्याने सांधा बघायला मागितला. आत जायचे नव्हतेच, म्हणून पाइप बाहेर आणला. त्याने सांध्यावरून बोट फिरवले.

"सफेदा कोठे गया, शेठ? तागबी नही."

आई दाराआड उभी होती. तिच्या मागून वहिनी पुढे आली आणि उंबऱ्यावर थांबली. परक्या पुरुषांसमोर आमच्या घरातली सून तोवर बोललेली नव्हती.

"मी खरवडा," ती म्हणाली. "आत्याबाईनी सांगं म्हनीसन. त्याले बोलू नका." आणि मग वडिलांकडे न बघता, "हाऊ पाइप मझार उना ते मी चूल पेटावस नही."

वडील आत निघून गेले. दोन वेळच्या जेवणाला घरात चूल पेटली नाही. तिसऱ्या जेवणाआधी पाइप भिंतीच्या बाहेरून गेला, फिटरने पहिल्या दिवशी दाखवलेल्या वाटेने.

हकीकत इथे संपायला हवी होती. पण पुढे अनेक वर्षे, नव्या पाहुण्याने रस्त्यावरून दिसणाऱ्या पाइपाबद्दल विचारले की वडील सांगत, फिटरने आधी काम बिघडवले होते, मग आपण ते बाहेरून करून घेतले. आई मान डोलवी. वहिनी चहाचे पेले ठेवत असे. गॅसच्या त्या पांढऱ्या उजेडात तिच्या डाव्या हातावरची आक्रसलेली कातडी पाहुण्यालाही दिसे. लसणाच्या आरोपाबद्दल तिला कोणी कधी एक शब्द बोलले नाही. आणि दर चातुर्मासाच्या सुरुवातीला आई तिचे डबे तपासत राहिली.