दगडावर कोरलेला आकडा

आज सकाळी दारात ऑइलपेंटचा वास आला आणि नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा आठवला. इगतपुरीकडचं साहेबाच्या काळातलं धरण तळाला गेलं होतं आणि त्यात बुडालेलं आमचं जुनं गाव उघडं पडलं होतं. चुलत आजोबा मला तिथं घेऊन गेले. भेगाळलेल्या गाळात एका दगडी उंबऱ्यापाशी त्यांनी चपला काढल्या. भिंती नव्हत्याच. उंबऱ्यावर छिन्नीनं कोरलेला आकडा होता. “साहेबाची माणसं धरणासाठी मोजणीला आली,” ते म्हणाले, “तव्हा माझ्या आईनं त्यांना गूळपाणी दिलं. लय ऊन होतं.” आज बाहेर जाऊन पाहिलं, तर आमच्या भिंतीवर लाल रंगात एक आकडा काढलेला होता, अजून ओला. बायको म्हणाली, “मोजणीवाले होते. बिचारे उन्हातून आले, चहा दिला.”