पायरीवरचे सहा चौकोन

बाळांनो, तुम्ही फोनवर मागितलेली आगगाडी आठ दिवस रोज सकाळी खपून तयार केली आहे. व्हिडिओ सोबत पाठवते. पाठ भरून आली आहे, डोळे चुरचुरतात, आणि एवढं करूनही ती तुमच्या बाबाने सांगितली तशी झालेली नाही. का नाही, ते लिहून ठेवते.

तुमच्या आजोबांना कंपनीने प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवलं, तेव्हा येताना त्यांनी हा संगणक आणला. नुसता जाडजूड कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि काम कॅसेटवर साठवायचं. चित्रासाठी त्याच्यात जागा फार थोडी. पडदा चौकोनांत विभागलेला आणि प्रत्येक चौकोनात एक ठसा. ठसा आपणच तयार करायचा: आठ ओळी, ओळीत आठ ठिपके, आणि प्रत्येक ओळीचा एक आकडा. असे ठसे मोजकेच मावत. म्हणून एकच चाक सगळ्या डब्यांना, एकच कौल सगळ्या छपराला. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते, ही काटकसर मला आवडायची. आलेखाच्या वहीत पेन्सिलने ठसा काढून त्याखाली आकडे लिहून ठेवायची.

असं मी आमच्या कासारवाडीच्या घराचं चित्र केलं. पायरीवर माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या बाबाची आजी, एक गुडघा वर घेऊन बसलेल्या. त्यांना सहा ठसे लागले, कारण त्यांच्यासारखं दुसरं काहीच चित्रात नव्हतं. त्या चाकणकडच्या. टीव्हीत स्वतःला बघून म्हणाल्या, "नाक लई मोठं केलंस. पर हाय तसं हाय."

मग तुमच्या बाबाला घरामागून जाणारी गाडी हवी झाली. ठसे वाचवत वाचवत गाडी बसवली, तर तो धुरासाठी अडून बसला. धुराला सहा ठसे हवे होते आणि जागा एकाचीही उरली नव्हती. शेवटी मी सासूबाईंचे सहा धुराला दिले. एवढंच विसरले, की ठसा बदलला की पडद्यावर तो जिथे असेल तिथे त्या क्षणी बदलतो. पायरीवर सासूबाई बसल्या होत्या, तिथून धुराचा लोट उठला.

"अगं बया! जितेपणीच जाळलंस व्हय गं मला?"

तुमचे आजोबा हसू आवरेना म्हणून बाहेर निघून गेले. मी म्हटलं, "आई, उद्या परत बसवते तुम्हाला."

"असू दे. पोराला धूर पायजे ना?"

मी पायरी रिकामी केली आणि जुन्याच कॅसेटवर नवं चित्र उतरवलं. पुढे टीव्ही लावला, की त्या हमखास विचारायच्या, "मला जागा झाली का गं?" मी म्हणायची, "होईल, आई." शाळा, पेपर, सकाळचे डबे. ते उद्या काही आलं नाही, आणि त्या गेल्या. मग आम्ही दिघीला आलो. कासारवाडीचं घर रस्तारुंदीत गेलं. घरातल्या बारशा-लग्नांचे फोटो ढीगभर आहेत, पण समोरून घराचा फोटो कुणीच काढला नव्हता.

आता कॅसेटमधून नुसती खरखर येते. पिंपरीच्या दुरुस्तीवाल्याने संगणक आजच्या टीव्हीला जोडून दिला, आणि मी वही उघडली. आजोबा आकडे वाचायचे, मी टाईप करायची.

"एकशे ब्याण्णव."

"एकदा म्हणालात ते."

"पुन्हा तेच आहे. बाई, अंगठे धरून उभा राहू का?"

आठव्या सकाळी धुराचं पान आलं. त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीतल्या सासूबाई, गुडघा वर, नाक मोठं. पुसट झाल्या होत्या, पण आकडे लागत होते. मी चष्मा काढून बसून राहिले. तुम्ही गाडी धुरासकट मागितली होती. इतक्या वर्षांनी पुन्हा तोच हिशेब, आणि मला त्याचा फार कंटाळा आला.

आजोबा पान बघत म्हणाले, "अगं, पण कासारवाडीला धूर कुठून? आपली लाइन विजेची."

खरंच होतं. रोज घरामागून गाड्या जात, त्यांचा धूर आम्ही कधी पाहिला नव्हता. तुमच्या बाबाने तो गोष्टींच्या पुस्तकात पाहिला होता. मी गणिताची बाई, एकच कौल शंभरदा वापरणारी, आणि जे नव्हतंच त्याला सहा ठसे देऊन बसले. हे तेव्हा एकाही संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

"वाचा," मी म्हटलं, "मागची बाजू."

त्यांनी अठ्ठेचाळीस आकडे सावकाश वाचले. या वेळी चेष्टा केली नाही. सासूबाई पायरीवर बसल्या. मागून गाडी आली आणि गेली.

बाबाने विचारलं की धूर कुठे गेला, तर त्याला म्हणावं, तुझी आजी बसली आहे तिथे.