पोहे चांगले होते

आमच्याकडे फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आणि फ्रिज प्रत्यक्ष घरात आला तेव्हा ती पाढे म्हणत होती. मधल्या काळात आमच्या ह्यांनी नागपुरातलं एकही दुकान सोडलं नाही. दार उघडून बघायचं, लावून बघायचं, कान टेकवून मोटरचा आवाज ऐकायचा, "लाइन गेल्यावर बर्फ किती वेळ राहते?" असं दुकानदाराला विचारायचं आणि त्याच्याकडचं थंड पाणी पिऊन घरी यायचं. तोवर माझं दही दर उन्हाळ्यात आंबत राहिलं. मिक्सरची तीच कथा, कूलरची तीच. चप्पल घ्यायची तरी हे दुकानभर इतके चालतात की जुनी चप्पल घालून घरी परत येताना पाय दुखतात.

असा हा माणूस. आणि मला मात्र त्याने चहा निवायच्या आत पसंत केलं.

हे मी त्यांना फ्रिज आल्यापासून ऐकवत आले आहे. "अहो, फ्रिजला दोन उन्हाळे आणि मला एक बशी पोहे? मला काहून नाही पारखलं?" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे, "पोहे चांगले होते." पोहे माझ्या आईने केले होते. हेही मी त्यांना ऐकवत आले आहे.

आम्ही नंदनवन वस्तीत राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली मोठे दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. वरचा मजला आमच्या लग्नासाठी चढवला होता. माझ्या स्वयंपाकघराला तेव्हा मागच्या अंगणाकडे उघडणारी एक खिडकी होती, आणि अंगणात बरोबर तिच्याखाली जाऊबाईंची भांडी घासायची जागा. त्या खालून आणि मी वरून, अशा आमच्या गप्पा सुरू झाल्या. सासूबाईंना ते चार दिवसही सोसलं नाही. गवंडी बोलावून त्यांनी ती खिडकी विटांनी बुजवून टाकली. कारण सांगितलं, धूळ येते. धूळ म्हणजे आम्ही दोघी.

सासूबाईंना वाईट कसं म्हणू? माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र त्या बसून राहिल्या. पण सुनांच्या हसण्याचा आवाज त्यांना चालत नसे. रविवारी विहारात जाताना एक सून त्यांच्या उजवीकडे आणि एक डावीकडे, अशी आमची मिरवणूक निघायची.

खिडकी गेली तर जाऊबाईंनी दुसरी वाट काढली. माझ्या मोरीचा पाइप भिंतीवरून खाली त्यांच्या अंगणात उतरतो. दुपारी चहा झाला की त्या पळीने पाइपवर टकटक करायच्या. वर मला बरोबर ऐकू यायचं, आणि सासूबाई झोपलेल्या असायच्या. सासूबाई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. टकटक मात्र अजून आहे. फोन हातात असतो, हाक मारली तरी ऐकू येते, पण चहासाठी पाइपच वाजतो. मग मी बाहेरच्या जिन्याने खाली जाते.

आमचं फार गोड चालतं असं कोणी समजू नये. नळाच्या पाण्यावरून, अंगणात पडणाऱ्या माझ्या ओल्या कपड्यांच्या पाण्यावरून, त्यांच्या मेल्या तुरीच्या वाळवणावरून आमचं कडाकडा वाजतं. जाऊबाईंना कशातही खोट सापडते. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेऊन त्या वरणात काय कमी आहे ते सांगतात, आणि दुर्दैवाने ते बरोबर असतं. पण भांडण सकाळी झालं असलं तरी दुपारी पाइप वाजतोच.

आणि माझी खिडकी? सासूबाई गेल्यावर ती लगेच उघडता आली असती. पण हे म्हणाले, घाई नको, पाहू. तेव्हापासून पाहताहेत. लाकडाची की ॲल्युमिनियमची, सरकती की उघडती, जाळी आतून की बाहेरून. तोवर मी बल्ब लावून भाजी चिरते आणि फोडणीच्या धुराने खोकते.

म्हणूनच शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिंगरोडच्या पलीकडे एक फ्लॅट पाहिला तेव्हा मी स्वयंपाकघरातून हललेच नाही. ओट्यासमोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खिडकी. उजेड असा की डाळीतला खडा चष्म्याशिवाय दिसावा. लिफ्ट होती. माझे गुडघे आमच्या जिन्याला वैतागले होतेच. पुण्याहून मुलगी रोज फोनवर म्हणायची, "आई, आता तरी स्वतःचं घर घ्या." मलाही तेच हवं होतं. आयुष्यभर मी "वरची" होते. वरच्या बाई, वरची सून, वरचं बिऱ्हाड. एकदा तरी माझ्या दारावर फक्त आमचीच पाटी असावी असं वाटायचं, आणि त्यात चूक काय?

सगळं जुळतही होतं. ह्यांच्या निवृत्तीचा फंड आणि वरच्या मजल्याचा आमचा वाटा दिरांनी घेतला तर त्याचे पैसे. दीर म्हणाले, मी वर भाडेकरू ठेवीन. जाऊबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "चांगलं होईल." आणि निवडत राहिल्या.

ह्यांचं पाहणं अर्थातच सुरू झालं. पावसाळ्यात भिंतींना हात लावून ओल पाहिली. फरशीवर गोटी सोडून उतार पाहिला. बिल्डरचा माणूस आम्हाला बघून पाणी विचारेनासा झाला. शेवटी हे म्हणाले, "आता नवतपात पाहू." नवतपा म्हणजे मे सरता सरता येणारे ते नऊ दिवस, जेव्हा नागपुरात कुत्रं पण रस्त्यावर दिसत नाही. त्यातली एक पूर्ण दुपार रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून काढायची, घर किती तापतं ते पाहायला. आणखी म्हणाले, "वहिनीले घेऊन चल."

"त्या कशाला? त्या दहा खोटा काढतील."

"म्हणूनच," हे म्हणाले.

दुपट्टे बांधून, ऊन लागू नये म्हणून जवळ कांदा ठेवून आम्ही तिघं ऑटोने निघालो. जाऊबाईंनी चटई आणि स्टीलच्या बरणीत कैरीचं पन्हं घेतलं होतं. वाटेत मी मनाशी त्यांच्या खोटांची उत्तरं तयार करत होते. ओटा खाली आहे म्हणाल्या तर हे सांगू, बाजार लांब आहे म्हणाल्या तर ते सांगू.

पण त्यांनी एकही खोट काढली नाही. नळ सोडून पाणी चाखलं, म्हणाल्या, "गोड आहे." ओट्यावर हात फिरवला, म्हणाल्या, "उंची तुझ्या हिशोबाची आहे." खिडकीत उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "हवा येते वं छान." मी त्यांच्यासोबत अर्धं आयुष्य काढलं आहे. जाऊबाई नावं ठेवतात तोवर सगळं ठीक असतं. त्या कौतुक करायला लागल्या की समजायचं, काहीतरी फार दुखतं आहे. मला ते समजलं, आणि खरं सांगते, मला त्यांचा राग आला. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

घर तापलं नाही. भर दुपारी भिंतीला हात लावला तर कोमट. हे खूश होऊन खोल्या-खोल्यांतून फिरत होते. मी बाल्कनीत उभी राहून खालचा रस्ता पाहत होते. तेवढ्यात आतून टकटक ऐकू आली. मी पदर खोचला, दाराकडे गेले, कडी काढली आणि जिन्याच्या दिशेने निघाले सुद्धा. मग भान आलं. मागे वळून पाहिलं तर जाऊबाई चटईवर बसून पन्ह्याची बरणी चमच्याने वाजवत होत्या.

"खाली कुठे चालली वं?" त्या म्हणाल्या. "मी इकडे बसली आहे."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि घाम आला म्हणून चेहराही पुसला.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही भांडत काहून नाही? मी जायला पाहिजे असंच वाटते ना तुम्हाले?"

त्यांनी पन्हं ओतलं. एक पेला ह्यांना दिला आणि म्हणाल्या, "सांगून टाकू का भाऊजी?"

हे छताकडे पाहायला लागले. पंख्याचा हूक नीट बसवला आहे की नाही, ते बघत असावेत.

"तुले पाहाले आलो होतो ना कामठीले," जाऊबाई मला म्हणाल्या, "तेव्हा मी पाणी मागाच्या निमित्ताने आत आली होती. तू कढईतूनच पोहे खाऊन राहिली होती. अन् बहिणीले आमच्या सासूची नक्कल करून दाखवून राहिली होती. 'पोळी गोल होते का वं तुझी?' हुबेहूब! तसंच नाक वर, तसेच डोळे बारीक. मी पदर तोंडात कोंबला अन् भिंतीले टेकली. लग्न होऊन आली तेव्हापासून मी त्या घरात हसलीच नव्हती."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ती नक्कल आमच्या स्वयंपाकघराबाहेर गेली नाही अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

"बाहेर आली अन् भाऊजींच्या कानात सांगितलं, हो म्हणा. दुसरी पोरगी पाहूच नका."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे ह्यांच्यासाठी तुम्ही—"

"त्यांच्यासाठी कोण पाहून राहिलं होतं?" जाऊबाई म्हणाल्या. "मले पाहिजे होती तू."

मग हे हळूच म्हणाले, "मले त्या दिवशी काही दिसलंच नव्हतं. घामच फुटला होता. वहिनी म्हणाल्या, म्हणून हो म्हटलं. फ्रिजच्या वेळेस वहिनी आल्या नव्हत्या ना."

मला रडू आलं. हसूही येत होतं, पण रडू जास्त. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर एक चापट मारली. "रडते काहून? घे हे घर. चांगलं आहे. माझे दिवस निघाले तुझ्या भरवशावर. आता तू तुझे गुडघे पाहा."

निघण्याआधी मी एकदा त्या स्वयंपाकघरात जाऊन आले. खिडकीतून आकाश दिसत होतं, लांबचा पूल दिसत होता, समोरच्या इमारतीतल्या बायकांचे कपडे वाळत होते. खाली पाहिलं. खाली गाड्या लावलेल्या होत्या.

घरी आल्यावर हे म्हणाले, "सगळं पास आहे. उद्या बयाणा देऊन टाकू." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाच्या तोंडून उद्या असा शब्द आला. आणि मी, जी आयुष्यभर त्यांच्या मागे घाईची काठी घेऊन उभी होते, तीच मी म्हणाले, "थांबा थोडं. घाई काय आहे?"

त्यांनी फ्लॅटचे कागद घडी करून कपाटात ठेवले. मग म्हणाले, "बरं." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

फ्लॅट दुसऱ्या कोणीतरी घेतला. सौदा फायद्याचा झाला असं मी म्हणणार नाही. तिकडचे भाव तेव्हापासून चढत गेले आहेत. मुलगी फोनवर रुसते, गुडघे जिन्यावर कुरकुरतात, आणि दारावरच्या पाटीवर अजून सासऱ्यांचंच नाव आहे. लिफ्टवाल्या मैत्रिणीकडे गेले की हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या जिना चढून वर आल्या. त्यांचेही गुडघे काही तरुण नाहीत. "बयाड झाली का वं तू? सोन्यासारखं घर सोडलं?" म्हणून त्यांनी मला इतकं फैलावर घेतलं की मला बरं वाटलं.

त्यानंतर मी एकच गोष्ट केली. ह्यांना न विचारता गवंडी बोलावला. बुजवलेल्या विटा काढायला त्याला अर्धा दिवसही लागला नाही. जाऊबाई खाली अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि चौकट एका बाजूला झुकली आहे असं ओरडून सांगत होत्या. झुकलीच होती. गवंड्याने ती पुन्हा बसवली.

आता मी ओट्याशी उभी असले की खाली त्यांचं डोकं दिसतं. मी कशात किती तेल घालते ते त्यांना वासावरून कळतं आणि त्या तसं सांगतात. चहा झाला की हाक मारली तरी चालेल, पण त्या पाइपच वाजवतात.

खिडकीला पडदा लावायचा तेवढा राहिला आहे. हे दर शनिवारी गांधीबागेच्या कापडबाजारात जाऊन कापड पाहून येतात. जाड घ्यावं की पातळ, रंग विटेल का, धुतल्यावर आटेल का. पाहणं चालू आहे, आणि मी त्यांना अजिबात घाई करत नाही.