आलेखावरची चटणी

घोटावड्याच्या एसटी थांब्यावर निम्मी आळी मला निरोप द्यायला आली होती आणि तिच्यादेखत माझी सुटकेस फाटली. आईने माझ्या नकळत सदऱ्यांत लोखंडी खलबत्ता गुंडाळला होता. आबा सुटकेसभोवती सुतळी आवळू लागले.

"आई, मी जर्मनीला लेसरवर काम करायला चाललोय."

"कर की. जेवणार न्हाईस व्हय? रोज ताजी चटणी कुटायची. आन् एकादशी मोडायची न्हाई."

एसटी सुटेपर्यंत तिने दोन्ही वचनं घेतली.

तिकडचं काम असं: लेसरचा किरण फोडून दोन काटकोनी नळ्यांत सोडायचा, टोकांच्या आरशांवरून परत आणायचा, आणि लांब आकाशात कुठे तारे आदळले तर नळ्यांच्या लांबीत अणूच्या गाभ्याहून बारीक फरक पडतो का, ते बघायचं. आरसे तारांवर टांगलेले. जमिनीची थरथर तिथवर पोचली की आलेखाच्या सरळ रेघेला बारीक काट्यांची दाढी फुटायची.

दुपारी सगळे कँटीनला गेले की इमारत शांत व्हायची. मोजणीची हीच वेळ, आणि दाढीचीही. कारण शोधायचं काम प्रोफेसरांनी मला दिलं. माझी सहा महिन्यांची नेमणूक संपत आली होती. जमलं तर मुदतवाढ, नाही तर परतीचं विमान. मी पंप तपासले, दारांना रबर लावलं, रस्त्यावरचे ट्रक मोजले. उपाशीपोटी यंत्रापाशी पहारा दिला की रेघ गुळगुळीत. उठून मागच्या खोलीत फरशीवर चटणी कुटून पाव खाऊन येईपर्यंत पुन्हा दाढी.

"दाढी मला लाजत असावी," मी प्रोफेसरांना म्हणालो. ते हसले नाहीत.

शेवटी महिन्याभराच्या आलेखांचे कागद जमिनीवर पसरले. पहाऱ्याचे दिवस सोडले तर दोनच कागद स्वच्छ, पंधरवड्याच्या अंतराने. आबांनी पाठवलेलं कॅलेंडर भिंतीवर होतं. दोन्ही दिवशी एकादशी. उपासाला मी कुटत नाही.

मनातल्या मनात सुटकेस भरूनच मी खलबत्ता घेऊन कबुली द्यायला गेलो. प्रोफेसरांनी खलबत्ता हातात तोलून पाहिला.

"उद्यापासून रोज बाराला कुट. ही चटणी आलेखावर दिसेनाशी होईपर्यंत तू कुठे जायचं नाहीस."

अशी मला मुदतवाढ मिळाली. वर्षभर मी वरिष्ठांच्या हुकमाने चटणी कुटली आणि आम्ही आरसे टांगायची रीत बदलली: तारेला वजन, वजनाखाली आरसा, हादरे वजनाने खायचे, आरशाने स्वस्थ राहायचं. एके दुपारी मी जीव खाऊन कुटलं, तरी रेघ हलली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र उगीच चुकल्यासारखं झालं. मी जेवायला बसलोय, हे आता इथे कोणाला कळणार? आमच्या आळीत एक दिवस खलबत्ता वाजला नाही तर शेजारची काकू कुंपणावरून विचारते, "आज चूल न्हाई का पेटली?"

चटणीची दाढी उमटलेली आलेखाची एक जुनी पट्टी मी आईला पाठवली. आबांनी लिहिलं, तुझी आई ती घेऊन घरोघर फिरते आहे. म्हणते, "बगा, पोरगं जेवतंय."

याला सहा वर्षं झाली. काल एकादशी होती. आज सकाळी माझ्या इथल्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हाताऱ्या बाईंनी मला जिन्यात अडवलं.

"काल वरून ठकठक आली नाही. बरा आहेस ना?"

आई, आता माझी काळजी करू नकोस.